प्लेट नंबर सतरा

मार्लिस ओह्लसेननं मका आणला कॉफीच्या डब्यातून.
झाकणावर चिकटपट्टी, पट्टीवर तारीख,
आणि तारखेखाली, बारीक अक्षरात, कुत्र्याचं नाव.

हेस्टिंग्जच्या बाहेर, रुळांपलीकडे
तिची पत्र्याची कणगी आहे.
कणगी मी म्हणते, ती बिन म्हणते;
माझ्या शब्दाला शेणामातीचा लेप,
तिच्या शब्दाला शिडी, पंखा आणि दहा हजार बुशेल.
खाली सांडलेलं कुत्र्यानं खाल्लं. चार दिवस तगला.
"म्हातारा नव्हता तो," एवढंच बोलली.

दिवा मालवून भरडलेले दाणे मी जांभळ्या उजेडाखाली धरले.
इथंतिथं हिरवट पिवळे ठिपके पेटले.
काजव्यांसारखे, असं म्हणणार होते,
पण काजव्यानं कुणी मरत नाही.

तर प्लेटा. लवंग, दालचिनी, ओवा,
आणि नेब्रास्काच्याच गवताळ रानातला मोनार्डा,
त्याचं पान चुरडलं आणि हाताला ओव्याचा वास आला,
मी नोंदवहीत चुकून "घर" लिहिलं, मग खोडलं.
लवंगेनं नऊ दिवस बुरशी वेशीवर थोपवली.
दहाव्या दिवशी कडेकडेनं
मखमल आत आली, पाहुण्यासारखी, न विचारता.

सतरा नंबरात वेखंड होतं.
यादीत नव्हतं ते, माझा हट्ट.
तीन आठवडे झाले, प्लेट कोरी.
पुसून ठेवलेल्या पाटीसारखी कोरी.
मी लवकर बोलावं म्हणून
उगाळून जिभेवर चाटवलं होतं म्हणे मला हेच.
आमचे डॉक्टर प्रुइट चष्मा कपाळावर चढवून म्हणाले,
"सुंदर. पण या देशात
हे खाण्यात घालायला मनाई आहे.
यातलं जे बुरशीला मारतं
ते उंदरांच्या यकृतालाही सोडत नाही."
मी जिभेनं टाळूला हात लावल्यासारखं केलं.
गप्प राहिले. लवकर बोलायला शिकल्याचा
त्या दिवशी काही उपयोग झाला नाही.

मार्लिसला फक्त मोनार्डाचं सांगितलं.
"मग ओतायचं कधी?"
तळहाताएवढ्या काचेत जिंकणं सोपं, मी म्हटलं,
तुमच्या बिनमध्ये हे तेल वर वर उडून जाईल,
तळाशी पोचणारच नाही. अजून दोन वर्षं, कदाचित चार.
आधी ओलावा. तुमचा साडेअठरा भरला,
पंधराच्या खाली आणा, पंखा चालू ठेवा,
आणि हा मका कुणालाच घालू नका.

तिनं कोटाची बटणं लावली, मग थांबून विचारलं,
"ओव्याच्या वासाचा मका गाई खातील?"
हे आमच्या प्रयोगात कुठंच नव्हतं.
मी लिहून घेतलं.

दाणे पिवळ्या पिशवीत गेले, जाळायला.
डबा तिला परत हवा होता.
मी तीनदा धुतला, ब्लीचनं, गरम पाण्यानं.
तारीख पार पुसली.
दुसरी ओळ काही निघाली नाही,
आणि खरं सांगायचं तर
तिथं मी घासलंही नाही.