पहिली खूण, दहा गुण

मंगळवार, गुरुवार, शनिवार. परळ, दुसरा मजला.
सहा खाटा, सहा मशीन, चार तास.
दंडातून निघालेलं रक्त
नळ्यांतून हिंडून घरी परत येतं,
तोवर तांडेल सर इतिहास घेतात.

पहिल्या खुणेला ओळखलं तर दहा गुण,
दुसरीला आठ, मग सहा, मग चार.
पाचवी खूण म्हणजे दयाच. तिला दोन.
मी टेक्निशियन. प्रेशर बघतो, अलार्म बंद करतो
आणि सलाईनच्या खोक्यावर गुण मांडतो.

हर्षदा धुरी सगळ्यांत पुढे. बी.कॉम., दुसरं वर्ष.
सरांचं वाक्य संपायच्या आत तिचा मोकळा हात वर.
डिमेलो अंकल प्रत्येक वेळी 'नेपोलियन' म्हणतात,
कधीतरी लागेल म्हणून.
आणि खिडकीकडच्या खाटेवर द्वारकाबाई भुवड,
दोन वर्षांत एकूण गुण शून्य.

"शत्रूचा कडक पहारा. पेटाऱ्यात बसून निसटला."
हे तर बालवाडीतलं पोरही सांगेल.
पण द्वारकाबाई आधी बोलल्या,
"शब्बीर टेलर. आमच्याच चाळीतला.
कर्फ्यू होता. कोबीच्या टेम्पोतून गेला, बायकोपोरांसकट.
वर गोणपाट मीच टाकलं."

"रस्त्यात लोक अंगावर शेण फेकत,
म्हणून पिशवीत दुसरं लुगडं घेऊन शाळेत जायची."
"पार्वती नवगिरे! कचऱ्याच्या गाडीवरची.
ड्युटी संपली की नळावर हातपाय धुवायचे, साडी बदलायची,
मग पोराच्या शाळेत. बाई विचारायच्या, तुम्ही कुठे असता कामाला?"

चूक, सर म्हणायचे. मी शून्य लिहायचो.
शून्य लिहिताना हात
जरा सावकाश फिरायचा.

मग तो शनिवार. सरांचे दोन खाडे झालेले,
पाय सुजलेले, जीभ जड.
"नवव्या वर्षी लग्न."
हर्षदाचा हात वर. "थांब गं, ऐकून तर घे.
चौदाव्या वर्षी मूल. दहा दिवस जगलं.
बोटीनं समुद्र ओलांडला, घरचं कोणी सोबत नाही.
परदेशात शिकून डॉक्टर झाली.
दवाखाना उघडायच्या आधीच गेली, बाविशीसुद्धा न गाठता.
राहू दे, मीच सांगतो."

आणि थांबले.

तीस वर्षं रात्रशाळेच्या फळ्यावर लिहिलेलं नाव.
सहा मशीन घरघरत होती.
हर्षदाचा हात हळूच खाली आला, चादरीत गेला.
तिला माहीत होतं. मला माहीत होतं.
सगळ्या वॉर्डाला माहीत होतं.
"नेपोलियन," डिमेलो अंकल म्हणाले,
आणि पहिल्यांदाच कोणी हसलं नाही.

"मीच की हो ती," द्वारकाबाई म्हणाल्या.
"लग्न नवव्या नाही, तेराव्या वर्षी. ते सोडा.
चौदाव्याला बाळंत झाले. मुलगा. दहा नाही, बारा दिवस.
दाभोळला बोटीत बसले, भाऊच्या धक्क्याला उतरले.
सोबत कोणी नाही, एक फणस होता.
डॉक्टर तेवढी व्हायची राहिले.
आणि मेले नाही, ते बघताच आहात."

सर असे हसले की त्यांचं मशीन ओरडायला लागलं.
मी अलार्म बंद केला.
"गुण द्या त्यांना."
"किती, सर?"
"पहिल्या खुणेचे."

सुई निघाल्यावर, कापूस दाबून धरलेला असताना,
लिफ्टपाशी त्यांना नाव आठवलं.
अख्खं, माहेरच्या नावासकट. माझ्या कानात सांगितलं.
म्हटलं, सर, खोक्यावर लिहून झालंय.
"खोडू नकोस," म्हणाले.

खोकी रद्दीवाला नेतो. याची एक बाजू मी फाडून ठेवली.
धुरी ६४. डिमेलो ०. भुवड १०.

रात्री करी रोडच्या पुलावर एकदम लक्षात आलं,
बारावा दिवस म्हणजे बारसं.
पोराचं नाव ठेवून झालं होतं का,
कोणीच विचारलं नाही.