वाजवून घेतलेलं

बेरिल टनिक्लिफ एकतीस वर्षं कप वाजवायची.
बर्स्लेमच्या कारखान्यात, भट्टीतून आलेला एकेक
डाव्या तळहातावर घेऊन उजव्या नखाने टिचकी.
खणखणला तर पुढे. भद्द बोलला तर टोपलीत.
"डोळ्याला न दिसणारी चीर कानाला सापडते," म्हणाली.
मी म्हटलं, आमच्याकडे मडकंसुद्धा असंच घेतात.
ही आमची ओळख,
स्टोकच्या इस्पितळाच्या कँटीनमध्ये,
ऑपरेशनला अकरा दिवस उरले असताना.

झडप डुकराची हवी की धातूची,
विचार करून सांगा, म्हणाले होते डॉक्टर,
पडद्याचं कापड निवडायचं असल्यासारखं.
नवरा पत्रकं वाचत होता,
मुलगी सिअ‍ॅटलहून टक्केवारी पाठवत होती.
मला टक्के नको होते.
मला कुणीतरी जाऊन आलेलं हवं होतं.

बेरिलने ब्लाउजचं वरचं बटण काढलं,
न विचारता, चहाच्या टेबलावर.
पांढरी सरळ रेघ, खाली जराशी वाकडी.
"इथे त्यांना फोन आला असणार."
मग म्हणाली, कान लाव.
मी इकडेतिकडे पाहिलं. लावला.
टिक. टिक. टिक.
"आधी नवऱ्याला झोप यायची नाही.
आता मी बहिणीकडे गेले की येत नाही."

चारुशीला तिच्या जिभेवर बसेना.
"शीला चालेल? माझी एक मावशी होती."
चालेल, म्हटलं.

मग आठवेल तसं सांगत गेली.
पुढून बटणं असलेले गाऊन ने.
खोकला आला की उशी छातीशी धर, घट्ट,
रागावून झाल्यावर पोराला धरतो तशी.
किटली अर्धीच भर.
कोबी खा, पण रोज तेवढाच, रक्ताच्या गोळीशी त्याचं जमत नाही.
(मेथीचं माझं मी समजून घेतलं.)
चौथ्या दिवसाबद्दल काही बोलली नाही.

मी धातूची घेतली.

चौथ्या दिवशी छताचे चौकोन सरकायला लागले.
नर्सला मी अक्का म्हणाले, दार लावून घे म्हणाले,
पायरीवर कोण बसलंय ते विचारलं.
मग रडू. कशाचं, कळेना.
आत कुणीतरी घड्याळ विसरून गेलेलं
आणि मला माझी ती जुनी, चिकटलेली, कामचुकार झडप
परत हवी होती.

पाचव्या दिवशी बेरिल आली,
डब्यात ओटची धिरडी, डोक्यावर लोकरी टोपी.
का नाही सांगितलंस?
खुर्ची ओढून बसली. टोपी काढली. पुन्हा घातली.
"सांगितलं असतं तर आली असतीस?"
मला उत्तर येत नव्हतं. अजून येत नाही.
तिने माझ्या मनगटाच्या हाडावर नखाने टिचकी मारली,
मान कलती करून ऐकलं.
"पुढे," म्हणाली.

गेल्या गुरुवारी, तेच कँटीन.
लाँगटनचा बसड्रायव्हर, टेरी मालकिन.
एवढा धिप्पाड माणूस आणि आडनाव मालकिन,
मला हसू येणार होतं, पण त्याची बोटं कपाभोवती पांढरी पडली होती.
मी स्वेटरचं वरचं बटण काढलं.
आईने पाहिलं असतं तर!
गाऊन, उशी, किटली, सगळं सांगितलं.
मग चौथा दिवस ओठांशी येऊन थांबला.
शेजारच्या टेबलावर बेरिल
साखर नसलेला चहा ढवळत होती.

"चौथ्या दिवशी छत हलेल," मी म्हटलं.
"ते खरं नसतं, पण हलतं.
रडू येईल, जुनं हृदय परत मागावंसं वाटेल.
मला फोन कर. रात्रीसुद्धा.
मी जागीच असते, टिकटिक ऐकत."

बेरिलचा चमचा थांबला.
तो आता उठून जाईल, असं मला वाटलं.
त्याने खिसे चाचपले,
तिकिटाच्या पाठीवर पेन चालतंय का पाहिलं.
"रात्री म्हणजे," त्याने विचारलं,
"किती वाजेपर्यंत?"