वाटा

प्रॅक्टिकलला दोघांत मिळून तीन तिसऱ्या.
शिंपला उघडा, स्नायू दाखवा, आकृती काढा.
यतीनने चिमट्याने ठोकलं, स्काल्पेलची धार घालवली,
शेवटी ट्रे माझ्याकडे सरकवला,
जेवण आवडलं नाही की ताट सरकवतात तसा.
मी बिजागरीत नख घातलं, मनगट वळवलं.
टक्.
'कुठं शिकलीस?'
मी म्हटलं, यूट्यूबवर.

खरं असं की त्या तिसऱ्या आदल्या दिवशी
आमच्याच घमेल्यात होत्या.
लॅबच्या गावकरमामांनी आईकडून दोन वाटे घेतले
आणि पावती मागितली.
आई म्हणाली, केळीच्या पानावर देऊ?

त्याची गाडी पांढरी, आत बारा महिने थंडी.
रायबंदरच्या धक्क्यापर्यंत सोडायचा मला,
पुढे चोडणला मी फेरीने.
एकदा गाडी झाडाखाली ठेवून तोही चढला
आणि पाकीट उघडून उभा राहिला
देवळात दानपेटी न सापडलेल्या माणसासारखा.
खलाशी म्हणाला, 'माणसांक तिकीट ना रे. गाडयांक आसा.'
यतीन खारफुटीकडे बघत राहिला.
मग म्हणाला, 'म्हणजे इतकी वर्षं
मी माझ्याभोवतीच्या पत्र्याचे पैसे भरले.'
मी हसले. फार हसले.
कोळणींनी टोपल्यांवरून माना वळवल्या.
त्याच वेळी केव्हातरी ते झालं.
नेमकं कुठं, सांगता येणार नाही,
मांडवीला मधोमध खूण नसते.

शनिवारी पणजी मार्केटात
त्याची आई माझ्या आईसमोर.
'शंभराला एवढ्याच? वर चार घाल गो.'
तो मागे, दोन्ही हातांत पिशव्या.
मी पाटावर, नखांत काळं.
आईने चार घातल्या. मग माझ्याकडे बघून
(कशी कळलं तिला, मी अजून विचारलेलं नाही)
आणखी दोन.
तो काही बोलला नाही. मीही नाही.
चिल्लर मात्र मी मोजून परत दिली,
त्याच्या आईच्या गोऱ्या, मऊ, वाईट नसलेल्या हातात.

रात्री मेसेज: सॉरी.
मी लिहिलं, कशाबद्दल. पुसलं.
लिहिलं, तुझ्यापाशी तोंड नव्हतं का. पुसलं.
लिहिलं, खोबरं जास्त घालू नका, चव मरते.
हे पाठवलं.

रविवारी ओहोटीला तो चिखलात हजर.
बूट घालून!
आई कमरेत वाकलेली, बोटांनी तळ चाचपत,
वर न बघता म्हणाली,
'उबो रावूं नाका रे, रुततलो.'
तो उभाच राहिला.
लहानपणापासून त्याला सांगितलेलं असणार,
कळत नसेल तिथे स्वस्थ उभं राहावं, कोणीतरी येतं.
घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत.
मी आले नाही.
म्हणजे, चार पावलांवर होते. आले नाही.
त्याने दात ओठांवर घेऊन पाय उपसला,
पाय आला, बूट राहिला,
आणि तसाच, एका पायात मोजा,
त्याने दुपारपर्यंत तिसऱ्या वेचल्या.
एकूण अकरा. त्यातल्या तीन मेलेल्या.
आईने त्याचा वाटा वेगळा बांधून दिला.
मेलेल्या काढून नव्या घातल्या, न सांगता.

जूनमध्ये तो एडिनबराला गेला.
तिथून फोटो येतात: थंडी, दगडी जिना,
बशीत काळे शिंपले, खाली लिहिलेलं, बारा पौंड.
मी रुपयांत हिशेब करते, आईला सांगत नाही.

परवा अमावास्येच्या मोठ्या ओहोटीला
आईला तो बूट सापडला.
आत दोन तिसऱ्या, जिवंत.
तिसऱ्या तिने घमेल्यात टाकल्या,
बूट विहिरीवर धुतला
आणि वईच्या खुंटावर उलटा घातला.
शेजारची सेवेरीन विचारत होती, हा कोणाचा?
आई म्हणाली,
गिऱ्हाइकाचा. येईल न्यायला.