धर्मकाटा

देवास नाक्याच्या पुढे, डाव्या हाताला
साठ टनी काटा आहे आमचा.
ट्रॉली चढते, मी खिडकीतून ओरडते,
"भिया, थोडं पीछे!"
आणि बापूसिंग आंजना सीटवरून उतरत नाही.

भरलेली मोजताना बसून राहायचं,
रिकामी मोजताना बिडी प्यायला उतरायचं :
पासष्ट किलो सोयाबीन असं उगवतं
बियाण्याशिवाय.
मी बघते. मी बघते हे तो बघतो.
मग उतरतो हसत,
"बाईजी, नजर तेज है."

नजर घराण्यातली आहे.
विसाजी केकरे, माझ्या पणजोबांचे वडील,
अफूच्या काट्यावर कारकून होते.
त्यांच्या वहीपायी पन्नाशीत मोडी शिकले,
दुपारी, ट्रॉल्या नसताना,
पावतीपुस्तकाच्या पाठकोऱ्या बाजूवर गिरवत.

घेवरमल, पेट्या अकरा.
दोहोंत गूळ निघाला, परत.
दरबारचा हासील अमुक. साहेबाचा पास तमुक.
पुढे मुंबई, पुढे जहाज,
पुढे चीन, असं कुठे लिहिलेलं नाही;
नुसती एक आडवी रेघ, पानाबाहेर जाणारी.

बोंडाला चीर दिली कुणी,
पहाटे थंडीत बोटांनी चीक खरवडला कुणी,
त्यांचा रकानाच नाही.

फक्त एका पानाच्या समासात,
किरट्या, चोरट्या अक्षरात :
"यंदा गहू रुपयास सात शेर.
रानोरान फुले पांढरी.
पाहोन डोळे निवतात, पोट निवत नाही."

मग चीनने हात आखडला,
आणि तोच पैसा कापसात शिरला.
शहरात चिमण्या उभ्या राहिल्या,
भोंग्यावर घड्याळं लागली, चाळी भरल्या.
वडील टाइम ऑफिसात होते.
उशिरा आलेल्याची अर्धी हजेरी
लाल शाईने कापायचे,
आणि एके दिवशी फाटकालाच कुलूप.
घरी आले ती लाल दौत खिशात घेऊन.
आम्ही वर्षभर तिने शाळेची चित्रं रंगवली.

आता सोयाबीन.
बापूसिंगच्या घरी ते कुणी शिजवत नाही.
तेल निघतं, पेंड निघते,
समुद्रापार कुणाच्या तरी कोंबड्या खातात.
भाव फोनवर येतो,
जसा घेवरमलला तारेने यायचा;
आणि छावणीच्या मंडीत शंभर माणसं
एकदम मान खाली घालतात.

गेल्या इलेक्शनला मात्र मजा झाली.
उमेदवाराची लाडूतुला ठरली,
तराजू लहान पडला,
तर त्याला आणलं आमच्याकडे, वाजतगाजत.
हार, पंटर, ढोलवाले, सगळेच चढले काट्यावर.
दोन टन चारशे ऐंशी.
"यातले साहेब किती?" मी विचारलं.
कुणी खाली उतरेना.
पावतीचे पैसे अजून बाकी आहेत.

मोठ्या गोष्टी मला सांगता येत नाहीत.
मला एवढंच येतं :
भरलेली वजा रिकामी.
आणि हेही, की वजाबाकी करताना
सीटवर कोण बसलं होतं ते बघावं.

रात्री काटा शून्यावर येत नाही.
वर कुणी नसतं, तरी लाल आकडे म्हणतात, तीस.
टायरांतून गळालेली काळी माती,
सांवेरची, हातोदची, देपालपूरची.
मी झाडू घेते. वीस.
पुन्हा झाडते. दहा.
फटींत बसलेली निघता निघत नाही.

मग मी बटण दाबते,
आणि त्या दहा किलो मातीला
मशीन शून्य म्हणू लागतं.

विसाजींकडे हे बटण नव्हतं.
समास होता.