पळीवाढं

फेरी बंद झाली तेव्हा प्रत्येकानं काही ना काही नेलं.
कप्तान आर्नफिननं घंटा नेली,
इंजिनातल्या पोरानं एक पाना, उगाच,
आणि मी हा वॅफलचा साचा,
दोन ताव्यांचा, काळाकुट्ट, दांडा माझ्या मनगटाएवढा.
कुणाला नकोच होता. आता बोगदा झालाय,
चार मिनिटांत पलीकडे जातात लोक,
भूक लागायच्या आत.

सव्वीस वर्षं मी त्या फेरीवर वॅफलं केली.
या काठावरून त्या काठावर बावीस मिनिटं.
बादलीतली पांढरी भुकटी, नळाचं पाणी,
साखर भुकटीतच, किती ते विचारायचं नाही.
रांगेत ओले कोट, किरकिरी मुलं,
मयताहून परतणारे, लग्नाला निघालेले,
सगळ्यांना तेच पाच बदाम, टोकांनी एकमेकांना चिकटलेले,
वर चमचाभर जॅम.
मी स्वतः कधी खाल्लं नाही.
वासानंच पोट भरतं, असं सांगायचे.
खरं म्हणजे वासाचा वीट आला होता.

आज सकाळी ओट्स दळले.
कॉफीच्या यंत्रात, म्हणून जरा कॉफीचा वास. असू दे.
एक अंडं. घट्ट ताक, पुठ्ठ्याच्या डब्यातलं.
एक केळं, सालीवर काळे डाग पडलेलं;
डॉक्टरीणबाईंनी बंद केलेल्या साखरेचं काम तेच करतं.
चार वेलदोडे खलात. मीठ.
मग झाकून ठेवलं
आणि दहा मिनिटं काहीही करायचं नाही.
हे सगळ्यांत अवघड.
ओट्सना ओलावा प्यायला वेळ लागतो,
आमच्या काठावर बातमी पटायला लागतो तसा.
पळीनं उचलून पाहिलं:
पडतंय, पण घाईनं नाही.
पळीवाढं.

पहिलं चिकटलं. पहिलं चिकटतंच.
सुरीनं खरवडून बाहेर भिरकावलं,
सीगलनं वरच्या वर झेललं, हूं की चूं नाही.
असं गिऱ्हाईक सव्वीस वर्षांत मिळालं नव्हतं.

दुसऱ्याच्या वेळी साच्याला लोणी पुसलं, कागदानं, जेमतेम.
झाकण दाबलं
आणि लक्षात आलं, मी पाय फाकवून उभी आहे.
गुनवोर, मी मोठ्यानं म्हणाले,
स्वयंपाकघराची जमीन हलत नाही.
पाय काही ऐकेनात.

वाफ थांबली की झालं. उघडून पाहायचं नाही,
मधेच उघडलं तर दोन तुकडे, एक वर, एक खाली.

शेजारचा सिग्वे आला, दप्तर पाठीवर,
बोगद्यातून येणाऱ्या बसला अजून वेळ होता.
बशीत डोकावून म्हणाला, यात गवत आहे?
ओट्स आहेत.
घोड्याचे?
घोड्याचेही. खा.

त्यानं एक बदाम तोडला, कड कुरकुरली.
फ्रीजरातल्या ब्लूबेरी चुरडून दिल्या, बिनसाखरेच्या;
तोंड वाकडं केलं.
मग तपकिरी चीजची पातळ कापटी ठेवली,
ती गरम खळग्यांत बसत गेली हळूहळू,
आणि दुसरा बदाम गेला, तिसरा, चौथा.
भरल्या तोंडानं म्हणाला,
आजोबा म्हणतात, फेरीवरची वॅफलं याहून भारी असायची.

ती मीच करायचे.

तो चावायचा थांबला. माझ्याकडे पाहिलं,
साच्याकडे पाहिलं.
मग आता तुला काय झालं?

हसता हसता मला ओट्याचा आधार घ्यावा लागला.
बसचा भोंगा वाजला. तो पळाला,
एक हातमोजा टेबलावर विसरून.

बशीत पाचवा बदाम उरला होता, गारढोण.
तो मी उभ्यानं खाल्ला,
कुणी हाक मारील की काय असा कान देत.
समोर फियॉर्ड, त्यावर एकही रेघ नाही.
केळं कळत होतं, वेलदोडा मागाहून आला.
मीठ कमी पडलंय.

भांड्यात अजून दोन पळ्या पीठ आहे.
साचा तापलेला आहे.
आता खुर्ची ओढून बसावं म्हणते.