सातवी

फॉर्मच्या चौथ्या पानावर खेळांची चौकट आहे.
कोणता खेळ. किती वर्षं. कॅप्टन होतात का.
लेटर मिळालं का.

लेटर म्हणजे पत्र नव्हे गं आई, ऋजुता सांगते,
अक्षर.
जाड लोकरी कापडाचं, तांबडं, वीतभर उंच.
मीच शिवलं होतं तिच्या जाकिटावर,
दोनदा बोटाला सुई टोचून घेऊन.
आमच्याकडे अक्षर पाटीवर गिरवून यायचं,
अल्टूनात ते पळून मिळतं.

कॅप्टन? नाही.
'नाही'वर टिचकी मारून ती उठते,
फ्रिज उघडते, काही न घेता बंद करते.

डोंगरातल्या शर्यतीत सात जणी पळतात.
गुण धरतात पहिल्या पाचींचेच.
मग सहावी, सातवी कशाला?
मी विचारलं होतं पहिल्या वर्षी,
चिखलात, उलटी झालेली छत्री सावरत.
कोच डोब्रोव्स्की शिट्टी तोंडातून काढून म्हणाले,
त्यांना गुण नाहीत, पण समोरच्या पाचवीच्या
पुढे त्या आल्या, की ती मागे सरकते.
तुमची मुलगी आमची सातवी आहे.
अशा सुरात, जसं एखाद्या घरात सांगतात,
ही आमची थोरली.

ऑक्टोबरात आम्ही एका गुणाने जिंकलो.
शेवटच्या दहा पावलांत ऋजुताने कुणालातरी गाठलं,
आणि रेषेपलीकडे गवतावर ओकली.
पेपरात पाच जणींचा फोटो आला.
कडेला एक कोपर आहे. ते तिचं.

फॉर्ममध्ये कोपराला रकाना नाही.

सतीशला अजून पटत नाही.
खेळून काय पोट भरणार आहे,
हे ऐकतच आम्ही दोघं वाढलो.
गणितात शंभर आहेत, ते नाही का बघत?
बघतात, बाबा. तेही बघतात.
मग हे कशाला?
ती खांदे उडवते. तिच्या खांद्यांकडे
मी हल्ली जरा जास्तच बघते.

रविवारी सकाळी घरासमोर सराव.
सहा चाचण्या आहेत, पहिली अशी:
गुडघ्यांवर बसायचं, एका हाताने
बास्केटबॉल फेकायचा, जाईल तितका लांब.
सतीशकडे टेप, माझ्याकडे खडू.
एकोणचाळीस फूट.
एक्केचाळीस.
शेजारचे मिस्टर हॉकनबेरी कुत्र्यासकट थांबले,
टाळी वाजवून पुढे गेले.

उभं राहून फेक की, मी म्हटलं, लांब जाईल.
तसं नसतं, ती म्हणाली. पाय वापरायचे नाहीत.
खाली राहायचं.

चेंडू गॅरेजच्या दारावर आदळला.
पत्रा बराच वेळ वाजत राहिला.
टेपचं टोक धरून ओणवा झालेला सतीश
तसाच माझ्याकडे बघत राहिला,
आणि आम्हा दोघांना एकदमच कळलं
खाली राहून, आडोशामागून,
लांब काय फेकतात.

कुणी काही बोललं नाही.
मी वाकून रेघ मारली.
चव्वेचाळीस, सतीश म्हणाला,
घसा खाकरून परत म्हणाला, चव्वेचाळीस.
नीट बघा हं, ऋजुता ओरडली,
इंचभर कमी धरा हवं तर. जास्त नको.

रात्री माझी रक्तपेढीत पाळी होती.
पिशव्यांवर चिठ्ठ्या लावताना
बी पॉझिटिव्हच्या खणाशी थोडी रेंगाळले,
मग फोन वाजला, वरच्या मजल्याला दोन हव्या होत्या.

सकाळी घरी आले तर फॉर्म गेलेला.
'आणखी काही सांगायचं आहे?' या चौकटीत
तिने काय लिहिलं, मी विचारलं.
लिहिलं, मी सातवी होते. चारही वर्षं.
एवढंच?
एवढंच.

खडूच्या रेघा अजून आहेत दारात.
सतीश आता गाडी आत आणत नाही,
रेघांच्या अलीकडे, रस्त्यावरच लावतो.