उजवा खांदा

हालवदानचा उजवा खांदा
कानाकडे दोन बोटं चढलेला.
जाळी ओढून ओढून, म्हणतो तो.
वार्दोच्या दवाखान्यात दुपारी दोनलाच अंधार,
आणि माझ्या अंगठ्याखाली
काठीवर वाळवलेल्या कॉडसारखा स्नायू.

शिकताना असा एक खांदा मी उघडून पाहिलाय,
बेर्गेनला, थंडगार टेबलावर.
तंतू, चरबी, पांढरट दोरे.
कुणाचं नाव नव्हतं त्यात,
तारीखही नव्हती.
दुःख हाडीमासी मुरतं म्हणतात;
हाडात मज्जा असते, मांसात रक्त.
बाकी कशाला तिथे जागा नाही,
हे मी शपथेवर सांगेन.

तरी विचारलं, कधीपासून असा?
होडी उलटली तेव्हा
आयविनला, धाकट्याला,
याच हातानं धरलं होतं, म्हणाला.
चाळीस मिनिटं.
वारा कुठून आहे ते सांगावं, तसं.

गाठ सुटली नाही. तो रडला नाही.
मी दाबत राहिले, बाटलीतलं तेल संपलं.

निघताना स्वेटरची बाही सापडेना त्याला.
मी आतून हात घातला, त्याचा पंजा धरून ओढला,
तर लोकरीच्या त्या काळोखात
त्याची बोटं मिटली
माझ्या मनगटावर.
तो माझ्याकडे बघत नव्हता.
भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता,
आणि मला
सोडवता येईना.

नंतर कागदावर लिहिलं:
खांद्याची हालचाल, पाच अंश जास्त.
पकडीच्या रकान्यापाशी बराच वेळ गेला.
मग लिहिलं, चांगली आहे.